काकवीचा डबा

बाबांना हल्ली ऐकू येत नाही, म्हणून टीव्हीच सोडलाय त्यांनी. आज त्यांना शेजारी बसवून अमेरिकन विनोदी नट रॉस्को आर्बकलची १९१७ची मूकफिल्म लावली. मूकपटांतला दुसरा मोठा विनोदवीर बस्टर कीटन पहिल्यांदा पडद्यावर आला तो हिच्यातच. काकवी घ्यायला येतो आणि नाणं डब्यातच टाकून ठेवतो. वरून काकवी भरली जाते! मग टोपी डोक्याला चिकटते, पाय जमिनीला. बाबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

दिग्दर्शकही आर्बकलच. १९२१मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूवरून त्याच्यावर खटला झाला, तीनदा चालला. तिसऱ्या ज्यूरीने १९२२मध्ये त्याला निर्दोष ठरवलं, वर लेखी माफीही मागितली. तरी पडद्यावर बंदी आलीच. पुढे ती उठली, पण लोकांनी नट म्हणून त्याला उभं केलं नाही. मग ‘विल्यम गुडरिच’ या नावाने तो कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या विनोदी फिल्म दिग्दर्शित करत राहिला. स्वतःचं नाव लपवून लोकांना हसवायचं, हे फार लागलं मला. १९३२मध्ये पुन्हा पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी, ४६व्या वर्षी, झोपेतच गेला.

बाबांना हे सगळं वहीत लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि बोटानेच खूण केली, परत लाव.