तोंडपाठ आणि हृदयपाठ

भाची यंदा दहावीला. संध्याकाळी गच्चीवर तिची इंग्रजीची उजळणी घेत बसलो होतो. घरात कुठं बसणार, सोलापूरचा उन्हाळा, फरशीसुद्धा पोळते.

तिनं वहीत लिहिलेलं: ‘माय मदर रिमेंबर्स मी टू टेक द टिफिन.’ मी खोडून ‘रिमाइंड्स’ केलं. “मामा, दोन्हीकडं आठवणच की!” बरोबर आहे पोरीचं. आपलं एका आठवणीवर भागतं. इंग्रजीत आपलं आपल्याला आठवलं तर रिमेंबर, दुसऱ्यानं आठवण करून दिली तर रिमाइंड.

‘क्रॅम’ म्हणजे कोंबणं. गुरुवारी अक्कलकोटच्या एसटीत माणसं कोंबतात, तसे परीक्षेच्या आदल्या रात्री डोक्यात धडे. हे तिला लगेच पटलं (अनुभव दांडगा). ‘लर्न बाय हार्ट’ला मात्र हसत सुटली. आपलं तोंडपाठ, त्यांचं हृदयपाठ! निमॉनिक म्हणजे लक्षात ठेवायची युक्ती, त्याला उदाहरण दिलं तानापिहिनिपाजाचं. स्पेलिंगमधला पहिला एम मुका, हे तीनदा सांगितलं.

मग एबिंगहाउसची गोष्ट. या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून आपण किती विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. विसरणं सुरुवातीलाच झपाट्यानं होतं, नंतर मंदावतं. म्हणून एका बैठकीत रट्टा मारण्यापेक्षा दिवस सोडून उजळणी बरी.

एवढ्यात खालून ताईची हाक, “दही आणलंस का रे?”

साफ विसरलो होतो.

“मामा, शी इज रिमाइंडिंग यू.”