आंत्रविषाराच्या लशीची दुसरी मात्रा का चुकवू नये

माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत मे महिन्यात वळीव पडला की माळावर कोवळं गवत तरारतं, आणि त्याच दिवसांत कळपातली सर्वांत धष्टपुष्ट कोकरं मरू लागतात. आदल्या दिवशी पोटभर चरलेलं कोकरू सकाळी मान मागे टाकून मेलेलं सापडतं. अशा वेळी पहिला संशय आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात जंतूचं विष तयार होण्याच्या रोगाचा, घ्यावा.

हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात उडी मारत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू (डी प्रकार) निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडाफार असतो. कोवळा चारा, मक्याचा भरडा किंवा लग्नाचा उरलेला भात एकदम जास्त पोटात गेला, की न पचलेलं पिष्ट लहान आतड्यात उतरतं, जंतू झपाट्याने वाढतो आणि एप्सिलॉन विष सोडतो. ते सुरुवातीला जवळजवळ निष्क्रिय असतं. आतड्यातलं ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य त्याची टोकं तोडतं, तेव्हा ते जहाल होतं. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, मेंदूला सूज येते. इंजेक्शन भरेपर्यंत कोकरू गेलेलं असतं, म्हणून इथे उपचारापेक्षा लसच कामाची.

लशीत फॉर्मॅलिनने निर्विष केलेलं विष, म्हणजे टॉक्सॉइड असतं. पहिल्या मात्रेनंतर लसिकाग्रंथीतल्या पेशी त्याचे तुकडे टी पेशींना (शरीराच्या संरक्षक पेशींचा एक प्रकार) दाखवतात. तो तुकडा नेमका ओळखणाऱ्या टी पेशी सुरुवातीला फारच थोड्या असतात. त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो. त्या मदतनीस टी पेशींनी साथ दिल्याशिवाय बी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या संरक्षक पेशी, विषाला घट्ट धरणारी प्रतिपिंडं (विष निकामी करणारी प्रथिनं) बनवत नाहीत. म्हणजे पहिल्या मात्रेनं तयारी होते, पण रक्तातली प्रतिपिंडं कमीच राहतात आणि लवकर उतरतात. १४ ते २१ दिवसांनी दुसरी मात्रा दिली की विषाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या तयार स्मृतिपेशी कामाला लागतात आणि प्रमाण कितीतरी वर जातं. एकच मात्रा देऊन ‘लस झाली’ म्हणणं म्हणजे कळप उघडाच ठेवणं.

लस न दिलेल्या काही मेंढ्यांच्या रक्तातही थोड्या विषाशी गाठ पडल्यामुळे प्रतिपिंडं सापडतात. पण कोणात किती, हे बाहेरून कळत नाही. ‘आमच्या मेंढ्यांना इथल्या चाऱ्याची सवय आहे’ यावर भिस्त ठेवू नये.

कोकरांचा हिशेब वेगळा. माणसात आणि माकडात आईची प्रतिपिंडं वारेतून गर्भाला मिळतात. मेंढी-शेळीत मिळत नाहीत. ती फक्त चिकातून येतात, आणि आतडं ती जेमतेम पहिल्या दिवसापर्यंतच शोषून घेतं. म्हणून गाभण मेंढीला विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे मात्रा द्या आणि कोकराला पहिल्या काही तासांतच चीक पाजा. आईला लस झाली असेल तर तिची प्रतिपिंडं कोकराच्या लशीला अडवतात, म्हणून त्याची पहिली मात्रा साधारण तीन-चार महिन्यांनी. आईला लस नसेल तर इतकं थांबू नका, डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा.

वळवाआधी संरक्षण हवं तर पहिली मात्रा एप्रिलच्या मध्यालाच हवी. नेहमीची मात्रा २.५ मिलि, कातडीखाली. तरी बाटलीवरचं वाचूनच द्या. लस २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाला टेकून गोठली तर त्यातलं लशीचा परिणाम वाढवणारं ॲल्युमिनियमचं जेल फुटतं, गाठी होतात आणि हलवूनही एकजीव होत नाही. अशी बाटली फेकून द्या. भरण्याआधी दर वेळी हलवा, नाहीतर पहिल्या जनावरांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ मिळतो. सकाळी थंड वेळी टोचा, सुया बदलत राहा, जंतनाशक आठवडाभर आधी द्या. शेळ्यांत प्रतिपिंडं कमी बनतात आणि लवकर उतरतात. वर्षातून एकदा पुरत नाही, चार-सहा महिन्यांनी मात्रा लागते.

लस दिली तरी खुराक एकदम वाढवू नका. बकरी ईदसाठी बोकड तयार करताना भरडा ५० ग्रॅमपासून सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी थोडा वाढवा.

मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर तो फाशी (अँथ्रॅक्स) रोग असू शकतो. ते फाडू नका, डॉक्टरांना बोलवा. फाशीचा संशय नसेल तर शवविच्छेदन लवकर व्हायला हवं, कारण काही तासांतच सगळं कुजू लागतं. लहान आतड्यातला २० ते ३० मिलि ऐवज, दर १० मिलिला क्लोरोफॉर्मचा एक थेंब टाकून, बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात.