आधी आकृती काढ: मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचं माझं सत्र

विषयाची नोंदणी केली तेव्हा माझा हिशोब साधा होता. एका चलाचं कॅल्क्युलस मला चांगलं येत होतं. आता चलं दोन होणार, कधी तीन, म्हणजे तेच काम दोनदा-तीनदा करायचं. पहिले दोन आठवडे ते खरंही वाटलं. पार्शल डेरिव्हेटिव्ह काढताना वायला स्थिरांक समजायचं, एक्सच्या बाजूने डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, मग उलट. हात सराईत होता, गृहपाठ तासाभरात उरकत होता.

तिसऱ्या आठवड्यात लिमिट आलं, म्हणजे एखाद्या बिंदूच्या जवळ जवळ जाताना फंक्शनची किंमत कशाकडे सरकते ते. एका चलात शून्याकडे यायला दोनच वाटा, डावी आणि उजवी. प्रतलात मात्र आरंभबिंदूकडे कुठूनही, कशीही वळणं घेत येता येतं. मॅडमनी फळ्यावर एक अपूर्णांक लिहिला: वर एक्स वर्ग गुणिले वाय, खाली एक्सचा चौथा घात अधिक वाय वर्ग. कुठल्याही सरळ रेषेवरून आरंभबिंदूकडे या, उत्तर शून्यच. मी वहीत ‘लिमिट शून्य’ लिहून मोकळी झाले. मग त्यांनी ‘वाय बरोबर एक्स वर्ग’ या पॅराबोलावरून यायला सांगितलं. वर एक्सचा चौथा घात, खाली त्याच्या दुप्पट. वाटेवरच्या प्रत्येक बिंदूवर किंमत १/२. म्हणजे लिमिट नाहीच!

आरंभबिंदूवर या फंक्शनची किंमत शून्य धरली, तर तिथे दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह मिळतात आणि तरीही फंक्शनला सातत्य नसतं. ज्या पार्शल डेरिव्हेटिव्हवर मी दोन आठवडे खूश होते, ते फक्त दोन अक्षांवर काय चाललंय तेवढंच सांगतात. मधल्या सगळ्या मोकळ्या जागेबद्दल ते गप्प असतात. हे मला पटलं, पण त्यावरून अभ्यासाची पद्धत बदलायला हवी हे कळलं नाही. त्याची किंमत मध्यसत्र परीक्षेत मोजली.

तिथे एक डबल इंटिग्रल होतं. आत एक्स, वायपासून १ पर्यंत. बाहेर वाय, ० ते १. आणि इंटिग्रेट करायचं ते ई (सुमारे २.७१८ ही संख्या), ज्याच्या डोक्यावर एक्सचा वर्ग. मी प्रतियोजन करून पाहिलं, खंडशः करून पाहिलं, अर्धा तास घालवला. या फंक्शनचं इंटिग्रल आपल्या नेहमीच्या फंक्शनांमध्ये लिहिताच येत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. १०० पैकी ४१ गुण पडले.

पेपर घेऊन मॅडमकडे गेले. माझी दीड पानांची आकडेमोड त्यांनी वाचलीच नाही.

“प्रदेश कुठाय?”

“कुठला प्रदेश?”

“ज्याच्यावर तू इंटिग्रेट करते आहेस तो. आधी आकृती काढ.”

काढली. एक त्रिकोण निघाला: शिरोबिंदू (०, ०), (१, ०) आणि (१, १). मी त्याच्या आडव्या पट्ट्या करत होते. त्यांनी पेन्सिल उभी फिरवली. उभ्या पट्टीत वाय ० पासून एक्सपर्यंत जातो, त्यामुळे आतलं इंटिग्रल करताना तो ई नुसता स्थिरांक असतो आणि बाहेर एक जास्तीचा एक्स गुणाकारात येऊन बसतो. प्रतियोजनाला नेमका तोच हवा होता. उत्तर (ई − १)/२, दोन ओळींत.

त्या दिवसापासून मी एक नियम केला: आकृतीशिवाय इंटिग्रलला हात लावायचा नाही. सुरुवातीला वेळ फार जायचा. त्रिमितीतली पृष्ठं मला काढता येत नसत, आजही नीट येत नाहीत. मग उंची एकेक ठरवून आडवे काप काढायला लागले. ते काप एकाच कागदावर उतरवले की नकाशातल्या समोच्च रेषा तयार होतात. ग्रेडियंट, म्हणजे सर्वांत जलद चढाची दिशा दाखवणारा बाण, त्या रेषांना लंब का असतो, हे त्या कागदावर दिसलं: रेषेवरून चालताना उंची बदलत नाही, म्हणून सर्वांत जलद चढ तिला काटकोनातच असणार.

लॅग्रांज मल्टिप्लायर ही एखादी अट पाळून सर्वांत मोठी किंवा लहान किंमत शोधायची रीत. तिचं सूत्र मी आधी पाठ केलेलं होतं. आता अटीचा वक्र आणि समोच्च रेषा एकत्र काढल्या. अटीच्या वक्रावरून चालताना समोच्च रेषा ओलांडली जात असेल, तर अजून वर चढता येतं. जिथे रेषा वक्राला नुसती स्पर्श करते तिथे चढ थांबतो. तिथे दोघांची स्पर्शिका एक, म्हणून दोन्ही ग्रेडियंट एकाच रेषेत, आणि सूत्रातला लॅम्डा, म्हणजेच तो मल्टिप्लायर, हा त्यांच्या लांबीचा हिशोब. इतकं सुंदर चित्र असताना सूत्र आधी का शिकवतात, याचं मला अजून वाईट वाटतं.

गोलीय निर्देशकांबद्दल, म्हणजे एक अंतर आणि दोन कोन देऊन बिंदू सांगायच्या पद्धतीबद्दल, एकच सांगते. थीटा आणि फाय ही कोनांची नावं गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत एक आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत उलटी असतात. दोन पुस्तकं शेजारी ठेवून अभ्यास करणार असाल तर पहिल्याच दिवशी हे तपासा, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

शेवटचा महिना ग्रीन, स्टोक्स आणि डायव्हर्जन्सच्या प्रमेयांचा. जॉर्ज ग्रीनचं शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचं होतं. तो वडिलांच्या पवनचक्कीत काम करायचा आणि १८२८ साली त्याने स्वतःचा निबंध छापला, हे वाचून मी त्या प्रकरणाला जास्तच जीव लावला. स्टोक्सचं प्रमेय १८५४ साली केंब्रिजच्या एका स्पर्धा परीक्षेत प्रश्न म्हणून आलं होतं, आणि ती परीक्षा देणाऱ्यांत पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झालेला मॅक्सवेल होता. तिन्ही प्रमेयांचा गाभा एकच: आत जे घडतं त्याची बेरीज सीमेवर वाचता येते.

अंतिम परीक्षेत शेवटचा प्रश्न १ त्रिज्येच्या वरच्या अर्धगोलातून बाहेर जाणाऱ्या फ्लक्सचा, म्हणजे पृष्ठातून आरपार एकूण किती वाहतं त्याचा होता. सदिश क्षेत्राचे (प्रत्येक बिंदूवर वाहण्याची दिशा आणि जोर दाखवणाऱ्या बाणांचे) पहिले दोन घटक भयंकर होते: एक्स अधिक ई, त्याच्या डोक्यावर वाय गुणिले झेड; वाय अधिक कोसाइन एक्स गुणिले झेड. तिसरा नुसता झेड. मी आधी आकृती काढली. पालथ्या वाटीसारखा अर्धगोल, खालून उघडा. डायव्हर्जन्सच्या प्रमेयाला बंद पृष्ठ लागतं, म्हणून मी त्याला सपाट तळ लावला. डायव्हर्जन्स, म्हणजे प्रत्येक बिंदूपासून किती बाहेर पसरतं ते, काढताना दोन्ही भयंकर पदं गळून पडली आणि ३ उरले. आतलं घनफळ २π/३, म्हणून एकूण फ्लक्स २π. आता तळाचा वाटा वजा करायचा. तळावर लंब दिशा सरळ खाली, म्हणजे फक्त तिसरा घटक मोजायचा, आणि तळावर झेड शून्य. वजा करायला काहीच नव्हतं.

२π लिहून पेन खाली ठेवला, तेव्हा वेळ संपायला वीस मिनिटं बाकी होती. त्यातली काही मी ती वाटी जरा नीट काढण्यात घालवली.