आधी नळी कुठे आहे ते बघ

आज ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, आपल्या मराठी घरांतली ९ मुलं पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर आली. तासभर एकही छर्रा झाडू दिला नाही. रायफल रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, नळी टार्गेटकडेच, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. तेवढ्यात १३ वर्षांचा एकजण "ताई, हे असं का?" विचारत रायफलसकट माझ्याकडे वळला.

नळीतून केशरी सेफ्टी फ्लॅग डोकावत होता, म्हणजे आत काही नव्हतं. तरी पोटात गोळा आलाच. ओरडले नाही, नळी धरून हळूच खाली वळवली. बिचाऱ्याचे कान लाल झाले. मग सगळ्यांना हातावर ४.५ मिमीचा छर्रा ठेवून दाखवला. एवढासा, पण डोळा कायमचा जाऊ शकतो.

आपल्या ग्वाल्हेरकडे वरातीत हवेत गोळ्या झाडणं अजून कौतुकाचं वाटतं, याचा मला मनापासून राग येतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा जीव धोक्यात घालणारा गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद आहे. हे सांगितल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या गल्लीत झाला होता. मी गच्चीवरच होते."

निघताना त्या मुलाने रायफल टेबलावर ठेवली आणि फ्लॅग दोनदा तपासला.