माउंट लेमनवर मुलांसह तंबू

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनजवळच्या या डोंगरावर मुक्कामाची जागा आधी उंचीवरून ठरवा. मोलिनो बेसिन सुमारे १,३३० मीटरवर आहे, म्हणून ते हिवाळ्यासाठी. रोझ कॅन्यन साधारण २,१०० मीटरवर, पाइनच्या सावलीत, म्हणून ते उन्हाळ्यासाठी. शहरापेक्षा तिथे ८ ते १० अंश गार असतं. जूनमध्येही मुलांना स्वेटर लागतो.

मोलिनोत पाण्याचा नळ नाही. माणशी दिवसाला ४ लिटर पिण्यासाठी धरा, स्वयंपाक-धुण्याचं वेगळं. चौघांना दोन दिवसांसाठी ४० लिटर नेलेलं बरं, आणि तेही दोन-तीन कॅनमध्ये. एकच कॅन गळला तर सगळाच बेत बुडतो.

जमीन खडकाळ आहे. तंबूबरोबर येणारे अ‍ॅल्युमिनियमचे खुंटे वाकतात. जाड पोलादी खुंटे आणि हातोडी घ्या. कोरड्या ओढ्याच्या सपाट वाळूचा मोह मात्र टाळाच. जुलै ते सप्टेंबरात वर कुठेतरी कोसळलेला पाऊस इथे ऊन असतानाही लोंढा होऊन येतो.

चालायला पहाटे निघा, अर्धं पाणी संपलं की परत फिरा; मूल उत्साहात असलं तरी. चोया निवडुंगाचा गोळा चिकटला तर बोटं लावू नका. रुंद दातांचा कंगवा खाली सरकवून झटक्यात उडवा, उरलेले काटे चिमट्याने काढा.

रात्री खाऊ, टूथपेस्टसुद्धा, गाडीत किंवा लोखंडी पेटीत ठेवा. इथे काळी अस्वलं आहेत. सकाळी बूट झटकूनच घाला, आत विंचू असू शकतो.