कार बाजारातली गाडी: विकणाऱ्याचं नाव कागदावर आहे का?

कार बाजारातून गाडी घेऊन फसलेल्या माणसाची खरी पंचाईत गाडी बिघडल्यावर होते. इंजिन ऑइल प्यायला लागलं, एअरबॅगचा दिवा पेटला किंवा जुन्या कर्जाचा बोजा निघाला की तो डीलरकडे जातो. तिथं उत्तर ठरलेलं असतं: "दादा, मी मधला माणूस. गाडी मालकानं विकली, तुम्ही बघून घेतली." कागद काढून बघावं तर खरंच डीलरचं नाव कुठंच नसतं. आरसीवर मूळ मालक, टीटीओ म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याचीच सही, खरेदीदाराची जागा कोरी आणि पैसे गेलेले कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर.

सही करून ठेवलेल्या या कोऱ्या फॉर्मवरच निम्मा धंदा चालतो. गाडी मधे दोन-तीन डीलरांच्या हातातून गेली तरी आरसीवर 'फर्स्ट ओनर'च राहते. दरम्यान ती कुणी वापरली, कुठं ठोकली, कुठल्या चौकात चलन पडलं, याची नोंद कुणाच्याच नावावर नसते.

हे थांबावं म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहे. जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरनं आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायचं असतं, ते 5 वर्षं चालतं. मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म 29-सी ऑनलाइन भरायचा. त्याचा पोचक्रमांक आला की गाडीचा मालक म्हणून जबाबदारी डीलरवर येते. म्हणून गाडीचं बॉनेट उघडण्याआधी एकच विचारायचं: "या गाडीचा 29-सी भरलाय का?" समोरचा गोंधळला तर तो डीलर नाही, दलाल आहे असं समजून चालायचं. दलालाकडून गाडी घेऊच नये असं नाही, पण मग मूळ मालक समोर हवा, पैसे त्याच्या खात्यात जायला हवेत आणि दलालानं आपली दलाली वेगळी सांगायला हवी. मालक पुण्याला असतो, दुबईला असतो, फोन लागत नाही असली कारणं असतील तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

आता पाण्याचं. कोल्हापुरात गाडी बघताना हा विषय अपघाताच्याही आधी घ्यावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गसुद्धा पाण्याखाली होता. त्या वेळी पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि ती सॅल्व्हेज, म्हणजे निकामी माल, म्हणून लिलावात जाते. घेणारा ती उघडतो, धुतो, वाळवतो आणि पुन्हा बाजारात आणतो. शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात, कारण तिथं पूर कुणी विचारत नाही. त्यामुळं इथल्या बुडालेल्या गाड्या बाहेर गेल्या तशा बाहेरच्या इथंही येतात. नुसतं पासिंग बघून निर्धास्त होऊ नये.

पाणी कुठवर चढलं होतं यावर सगळं अवलंबून असतं. निम्म्या चाकापर्यंत असेल तर ब्रेक आणि बेअरिंगवर भागतं. पाणी आत शिरलं की मात्र कार्पेटखालचं वायरिंग भिजतं आणि बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरजवळ, मधल्या कन्सोलखाली बसवलेलं एअरबॅगचं मॉड्युल पाण्यात जातं. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली गाडी कुठल्याच किमतीला घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर पट्टा पुसलेला असतो, पण आतल्या गुंडाळीपर्यंत कुणी जात नाही. तिथं गाळाची फिकट तपकिरी रेघ राहते. पट्टाच कोरा दिसला तर त्याच्या बुडाशी शिवलेल्या लेबलवरची तारीख वाचा. गाडी 2018 ची आणि पट्टा 2021 चा असेल तर त्याचं कारण विचारा. मग सीट पुढं-मागं सरकवून खालचे बोल्ट बघा. सीट काढल्याशिवाय कार्पेट नीट धुता येत नाही, म्हणून बुडालेल्या गाडीच्या सीटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतात किंवा बोल्ट तरी नवे असतात. दाराच्या पायरीवरची प्लास्टिकची पट्टी क्लिपवर बसलेली असते. ती उचला, कार्पेटखालच्या फोमवर टिश्यू पेपर दाबून धरा. फोम महिनोन्‌महिने ओल धरतो. स्टिअरिंगखालच्या कनेक्टरमधल्या पिनांवर हिरवट थर, स्टेपनीच्या खड्ड्यातल्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, हेडलाइटच्या आत पाण्याचे डाग, ही बाकीची लक्षणं. आणि गाडीत बसल्या बसल्या अत्तराचा भपकारा आला तर एसी पाच मिनिटं बंद ठेवून मग पूर्ण जोरात लावा, खरा वास बाहेर येतो.

सगळ्यात फसवा प्रकार एअरबॅगच्या दिव्याचा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, हा दिवा लागायलाच हवा आणि काही सेकंदांत आपोआप विझायला हवा. बिघाड असेल तर तो लागलेलाच राहतो, म्हणून त्याचं कनेक्शन तोडतात नाहीतर दुसऱ्या दिव्याला जोडून टाकतात. त्यामुळं दिवा पेटलेला नाही म्हणून समाधान मानू नका. तो लागून विझला का, आणि शेजारच्या दिव्याबरोबर नेमका एकाच क्षणी विझला का, हे बघा.

कागदावरही पूर सापडतो आणि ही युक्ती फार कमी लोक वापरतात. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा आणि एनसीबीची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीची, चढण वाचा. क्लेम नसेल तर दरवर्षी 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी ती चढते. जून 2018 ची गाडी असेल तर जून 2019 ला 20, 2020 ला 25, 2021 ला 35 दिसायला हवेत. 2022 ला तिथं शून्य असेल तर जून 2021 ते जून 2022 मध्ये क्लेम झालाय, आणि त्या काळात जुलैचा पूर येतो. ऑगस्ट 2019 चा क्लेम जून 2020 च्या नूतनीकरणात दिसेल. शून्याला दुसरी कारणंही असतात. मालक बदलला किंवा विमा 90 दिवसांपेक्षा जास्त तुटला तरी एनसीबी जातो, आणि एनसीबी प्रोटेक्शन घेतलं असेल तर क्लेम लपूही शकतो. पण "जुन्या पॉलिसी नाहीत हो" हे उत्तर संशय वाढवणारंच.

मीटर मागे घेणं आता इतकं सोपं झालंय की काट्यावरचा आकडा हा फक्त विक्रेत्याचा दावा समजावा. मालकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा, प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर त्यात असतात. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. कंपनीचे टायर साधारण 40 हजारांच्या पुढं जातात. मग 28 हजार पळालेल्या गाडीला चारही टायर नवे कशाला? क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची घासलेली कड, ड्रायव्हर सीटची दाराकडची दबलेली बाजू यांचा मीटरशी मेळ बसायला हवा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावणार असाल तर नुसते एरर कोड बघू नका, गाडी दाखवायच्या आधी ते पुसलेले असतात. बऱ्याच गाड्यांत 'कोड पुसल्यापासून किती अंतर गेलं' हा आकडा निघतो. तो चार-पाच किलोमीटर असेल तर कोड नुकतेच पुसलेत. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. एबीएस आणि एअरबॅगसाठी गॅरेजवाल्याचा मोठा स्कॅनर लागतो.

अपघाताचं थोडक्यात सांगतो. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि फेंडरचे बोल्ट बघा, रंग तडकलेला असेल तर पत्रा उतरवलेला आहे. दाराचं रबरी बीडिंग थोडं ओढून खालचे कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर आहेत का पाहा. काचांवरचं वर्ष जुळवा. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम: कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन, पुन्हा मारलेला 200 च्या पुढं, खाली लांबी (पुट्टी) भरली असेल तर 500 च्याही वर. एखादं दार किंवा बंपर रंगवलेला असणं हा दोष नाही, आपल्या रस्त्यांवर ते व्हायचंच. ॲप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा), पिलर (छत पेलणारे खांब) किंवा छताला हात लागलेला असेल तर मात्र भाव करत बसू नका.

ट्रायल थंड इंजिनावरच घ्या. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर परत जा आणि न कळवता या. शहरात दोन चौक फिरवून काही कळत नाही. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढाला चार माणसं बसवून, एसी लावून चालवा. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच संपलाय. मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय. पाण्याचा संशय असेल तर उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. पाण्यात असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, गाडी चालते, पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा कमी येतं आणि पुढं कधीतरी तो रॉड ब्लॉक फोडतो. डीलर गाडी मिस्त्रीकडे न्यायला नाही म्हणाला तर व्यवहार तिथंच संपला.

बेळगाव-चिकोडीकडच्या केए 22, केए 23 गाड्या आपल्याकडे स्वस्त दिसतात. त्या किमतीत महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरलेला नसतो, वर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागते. टॅक्स किती बसेल ते आधी काढा, तो किमतीत मिळवा, मगच तुलना करा. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्यांचंही तेच. तिथं जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या इकडं ढकलल्या जातात. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची दर 3 वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी.

पैशाच्या वेळी आणखी एक बनाव होतो: "जीएसटी 18 टक्के वेगळा." नोंदणीकृत डीलरला हा कर त्याच्या मार्जिनवर भरायचा असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. मार्जिन 40 हजार असेल तर कर 7,200 रुपये. पाच लाखांच्या गाडीवर 90 हजार मागणारा तुम्हाला सरळ लुटतोय. आणि 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेताच येत नाही, म्हणून "कॅश दिली तर कमी करतो" याला बळी पडू नका. तुमचा पुरावाही त्यातच जातो.

टोकन देताना पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं वाचा: 'गाडी पाहून, तपासून, जशी आहे तशी घेतली.' हे खोडा. त्याऐवजी हातानं लिहून, शिक्क्यासह सही घ्या: मीटरचा आकडा अमुक आणि तो खरा, गाडी पुरात गेलेली नाही, चेसिसला मार नाही, ताबा देण्याच्या तारखेपर्यंतची चलनं आणि बोजा विक्रेत्याकडे, अमुक दिवसांत ट्रान्सफर न झाल्यास रक्कम परत. ताब्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. चार ओळी लिहायला नकार देणाऱ्याला पुढं काय होणार हे माहीत असतं.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. बँकेची एनओसी साधारण 90 दिवसच चालते, शिळी एनओसी माथी मारली जाते. ट्रान्सफरचा अर्ज घेणाऱ्यानं 30 दिवसांत करायचा असतो. ऑनलाइन करताना मूळ मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो आणि बहुतेक व्यवहार इथंच अडकतात, म्हणून काही रक्कम, निदान 20-25 हजार, नाव लागेपर्यंत मागे ठेवा. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावलेली आहे का तेही बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, फरकाची रक्कम भरावी लागते.

तरीही फसलात तर आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग वकिलामार्फत नोटीस. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं. डीलर पुण्याचा असला तरी तुम्ही राहता तिथल्या म्हणजे कोल्हापूरच्या आयोगात दावा करता येतो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज ऑनलाइनही होतो. जुन्या गाडीत दोष आधीपासून होता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, आणि गाडी आधी दुरुस्त करून घेऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, फोटो काढा, आणि बदलावाच लागला तर काढलेला जुना पार्ट मिस्त्रीकडे सोडून न देता घरी घेऊन या.