मऊ सीटपासून मापाच्या सीटपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी दुकान थाटले, तेव्हा त्यांच्याकडे येणारे बहुतेक काम रिक्षाच्या हुडांचे आणि जीपच्या बाकांचे होते, आणि मोटारसायकलची सीट हे फावल्या वेळेतले जोडकाम समजले जाई. जुन्या बुलेटच्या एकेरी सीटखाली स्प्रिंगा असत. इतर गाड्यांच्या सीटमध्ये काथ्या दाबून बसवायचा, त्यावर स्पंजाचा थर द्यायचा आणि पत्र्याच्या बेसच्या कडेला असलेल्या दातांमध्ये रेक्झिन ताणून अडकवायचे, अशी त्या काळची रीत होती. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली, हलक्या गाड्यांचा जमाना सुरू झाला आणि पुढे प्लास्टिकचे बेस व साच्यातून काढलेला एकसंध फोम सर्रास झाला. त्यामुळे कारागिराच्या हाती कव्हर बदलण्यापलीकडे फारसे काही उरले नाही. फाटलेले रेक्झिन काढायचे, नवे शिवायचे, स्टेपल गनने बसवायचे आणि तासाभरात गिऱ्हाईक मोकळे करायचे, यावरच आमचे दुकान बरीच वर्षे चालले.

लांबच्या प्रवासाचे गिऱ्हाईक नंतर आले. गोव्याला, हंपीला, पुढे थेट लेहपर्यंत गाडीने जाणारी मंडळी वाढली. 2016 मध्ये रॉयल एनफील्डच्या हिमालयनसारखी प्रवासासाठीच काढलेली गाडी बाजारात आल्यावर तर अशा लोकांची ये-जा रोजची झाली. त्यांची तक्रार जवळपास एकाच शब्दांत येई, की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर काही जाणवत नाही, त्यानंतर मात्र बसवत नाही. आणि मागणीही एकच असे : अजून मऊ स्पंज घाला.

या मागणीला मान डोलावणे धंद्याच्या दृष्टीने सोपे होते, कारण मऊ स्पंज स्वस्त मिळतो आणि दुकानात अंगठ्याने दाबून पाहणारा माणूस त्यावर लगेच खूश होतो. परंतु बसलेल्या माणसाचे वजन मुख्यतः कमरेच्या खालच्या दोन हाडांवर येते, ज्यांना आम्ही बैठकीची हाडे म्हणतो. मऊ फोम या हाडांखाली थोड्याच वेळात पूर्ण दबतो, त्याचा तळ लागतो, आणि मग हाड आणि प्लास्टिकचा बेस यांच्यामध्ये उरलेले मांस चेमटते. तिथला रक्तपुरवठा मंदावला की आधी आग होते, मग बधिरता येते. शिवाय बूड खोल रुतल्यामुळे माणसाला जागा बदलता येत नाही, आणि लांबच्या प्रवासात दर काही मिनिटांनी इंचभर मागे-पुढे सरकता येणे हाच मोठा दिलासा असतो. म्हणून फोम असा हवा, की तो दबेल पण तळाला टेकणार नाही.

इथे फोमविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण बाजारात घनता आणि कडकपणा या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. 32 घनतेचा फोम म्हणजे घनमीटरमागे 32 किलो वजनाचा फोम, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. तो कडक आहे की मऊ, हे त्यावरून ठरत नाही. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कमी घनतेचा कडकही. घनतेवरून कळते ते टिकाऊपण, म्हणजे रोज दबून पुन्हा उठण्याची ताकद किती काळ राहील ते. सोफ्यासाठी आणलेला 28 किंवा 32 घनतेचा तुकडा सीटमध्ये घातला, तर एक-दोन पावसाळ्यांत तो बसतो, हा आमचा अनुभव आहे. आता आम्ही गाडीचा मूळ फोम शक्यतो टाकून देत नाही. बैठकीच्या जागी तो कापून त्यात 80 ते 100 घनतेच्या रीबॉन्डेड (म्हणजे फोमचा चुरा दाबून, चिकटवून केलेल्या) फोमचा थर देतो आणि वर बोटभर जाडीचा, तुलनेने मऊ पण जास्त घनतेचा थर चिकटवतो. कोणाला किती कडक, हे वजनावर ठरते. पंचावन्न किलोच्या माणसाला जो थर दगडासारखा लागतो, तोच पंच्याण्णव किलोच्या माणसाखाली निमूट दबतो.

माप घेण्याची पद्धत आम्ही सायकलवाल्यांकडून उचलली, हे सांगण्यात कमीपणा नाही. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा सपाट बाकावर ठेवून त्यावर गिऱ्हाइकाला थोडा वेळ बसवले की हाडांचे दोन खळगे उमटतात, आणि त्यांच्या मध्यांतील अंतरावरून सीटचा रुंद भाग कुठे आणि किती हवा ते कळते. स्त्रियांमध्ये हे अंतर सर्वसाधारणपणे अधिक असते. त्यानंतर माणसाला त्याच्या स्वतःच्या गाडीवर, प्रवासाचे बूट आणि पँट घालूनच, हँडल धरून बसवतो. पुष्कळ गाड्यांची सीट पुढे टाकीकडे उतरती असते. ब्रेक दाबताना आणि घाट उतरताना माणूस पुढे घसरत जातो, वजन हाडांवरून सुटून जांघेवर येते आणि मुंग्या येऊ लागतात. अशा सीटला पुढच्या भागात कडक फोमची पाचर घालून बैठक समतल केली, तर मऊ-कडकाचा प्रश्न निम्मा तिथेच मिटतो. सीटची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतत असेल तर ती घासून गोल करावी लागते. मात्र पुढचा भाग रुंद ठेवून चालत नाही, नाहीतर पाय जमिनीला नीट टेकत नाहीत.

फोम घासून झाल्यावर आम्ही लगेच कव्हर शिवत नाही. वर जुने कापड ताणून सीट तशीच देतो आणि गिऱ्हाइकाला महामार्गाने बेळगावपर्यंत जाऊन यायला सांगतो. जाता-येता सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर होतात, आणि कुठे टोचते ते एवढ्या अंतरात कळते. परत आल्यावर खडूने खूण करून घ्यायची, पुन्हा घासायचे आणि मगच रेक्झिन. वडिलांना हा प्रकार पहिल्यांदा वेळेचा अपव्यय वाटला होता. कव्हर तासात होते, या कामाला दोन दिवस जातात, आणि गल्ल्याचा हिशेब त्यांच्या बोटांवर असे.

कव्हरमध्येही पाहण्यासारखे बरेच असते. नक्षीदार टाके आणि जाड पायपिन (शिवणीवरची गोल उठावदार पट्टी) दिसायला छान दिसते, पण शिवण बैठकीच्या हाडाखाली आली तर तासाभरात तिची जाणीव होते आणि पावसात टाक्यांच्या भोकांतून पाणी आत जाऊन फोम भिजतो. म्हणून बसण्याच्या जागी आम्ही एकसंध तुकडाच ठेवतो. फार गुळगुळीत रेक्झिन घसरते, फार खरखरीत असेल तर सरकू देत नाही. उन्हाळ्यासाठी वरून घालायचे जाळीचे कव्हर बरे, कारण घाम साचला की कातडी मऊ होते आणि घर्षणाने सोलवटते. जेलचे पॅड आम्ही ठेवतो, पण आग्रह करत नाही. गाडी दुपारी उन्हात उभी राहिली तर जेल तापते आणि बराच वेळ तापलेले राहते. याउलट आमच्याकडच्या धनगरी घोंगडीचा दुहेरी घडीचा तुकडा सीटवर बांधून जाणारे काही जुने गिऱ्हाईक आहेत. लोकर ओल शोषते आणि हवा खेळती ठेवते. दख्खनी मेंढीची लोकर टोचरी खरी, परंतु प्रवासाच्या जाड पँटमधून ती जाणवत नाही.

काही वेळा सीटला हात न लावताच गिऱ्हाइकाला परत पाठवावे लागते. मागच्या शॉकअबसॉर्बरचा ताण सामानाच्या वजनाप्रमाणे वाढवलेला नसेल, तर प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्याला जाणवतो, आणि त्याला जगातला कोणताही फोम पुरा पडत नाही. हँडल दूर असले की पाठीला पोक येऊन कमरेवर ताण येतो. जीन्सच्या जाड शिवणी आणि मागच्या खिशातले पाकीट यांनी केलेला त्रास तर फुकटात बरा होतो. खराब रस्त्यावर फूटरेस्टवर थोडा वेळ उभे राहणे, तास-सव्वा तासाला खाली उतरणे, हेही आम्ही सांगतो. यात आमची विक्री होत नाही, पण असा परत पाठवलेला माणूस पुढे दोन मित्र घेऊन येतो.

सीट खाली करून द्या, ही मागणी अलीकडे वाढली आहे आणि तिच्यावर आमच्या दुकानातच एकमत नाही. हिमालयनच्या पहिल्या गाडीची सीट जमिनीपासून 800 मिलिमीटरवर होती, तर केटीएमची 390 ॲडव्हेंचर आली ती 855 मिलिमीटरची. कमी उंचीच्या चालकाला, विशेषतः गाडी घेतलेल्या मुलींना, सिग्नलला पाय टेकणे महत्त्वाचे असते. परंतु फोम खरवडला की बेसवरचा थर पातळ होतो, गुडघे अधिक दुमडतात आणि लांब प्रवासाचा आराम जातो. माझा धाकटा भाऊ म्हणतो, पाय टेकले नाहीत तर प्रवासच होणार नाही. त्याचे बरोबर आहे. त्यामुळे आता आधी दोन्ही बाजूंच्या कडा अरुंद करून पाहतो, कारण मांड्या जवळ आल्या की उंची तीच राहूनही पाय खाली पोहोचतात. तेवढ्याने भागले नाही तरच वरून खरवडतो, आणि उरलेला थर कडक घेतो.

सध्या पुणे, नाशिक, पणजी येथून सीट पार्सलने पाठवू का, अशी विचारणा होते. केवळ कव्हर बदलायचे असेल तर अवश्य पाठवावी. बैठकीचे काम मात्र आम्ही माणूस आणि गाडी दोन्ही दुकानात आल्याशिवाय घेत नाही. येताना आधी फोन करावा, नेहमीचा प्रवासाचा पोशाख घालावा, मागे कोणी बसत असेल तर त्यांनाही आणावे, कारण मागच्या बैठकीचे माप वेगळे घ्यावे लागते, आणि मुक्कामाची तयारी ठेवावी. सोमवारी दुकान बंद असते.